सोंग चालेल, सनद नको

एआयकडून चांगले उत्तर हवे असेल तर आधी त्याला भूमिका द्या, हा सल्ला आता सगळीकडे मिळतो. कार्यशाळांत, यूट्यूबवरच्या धड्यांत, ऑफिसातल्या प्रशिक्षणात पहिला धडा हाच असतो. 'तू तीस वर्षांचा अनुभव असलेला करसल्लागार आहेस' किंवा 'तू निष्णात हृदयरोगतज्ज्ञ आहेस' असे आधी लिहायचे आणि मग प्रश्न विचारायचा. चॅटबॉट तयार करणाऱ्या कंपन्याही हेच करतात. फरक एवढाच की त्यांच्या सूचना संभाषण सुरू होण्याआधीच लिहून ठेवलेल्या असतात आणि वापरणाऱ्याला त्या दिसत नाहीत. भूमिका दिली की यंत्र अधिक शहाणे होते, अशी यामागची समजूत आहे. ही समजूत तपासून पाहिली गेली आहे. अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने 162 वेगवेगळ्या भूमिका घेतल्या, त्यांत डॉक्टर, वकील, शिक्षकापासून आई, मित्रापर्यंत सगळे होते, आणि 2,410 वस्तुनिष्ठ प्रश्न अनेक मॉडेलांना या भूमिकांसह आणि भूमिकेशिवाय विचारले. भूमिका दिल्याने बरोबर उत्तरांचे प्रमाण वाढले नाही. कोणत्या प्रश्नाला कोणती भूमिका लाभेल याचाही काही नियम हाती लागला नाही.

याचा अर्थ भूमिका निरुपयोगी असते असा नाही. 'पाचवीतल्या मुलाला समजेल असे सांग' म्हटले की भाषा खरोखरच सोपी होते. 'कडक मुलाखतकार हो' म्हटले की प्रश्न टोकदार होतात. बोलण्याची ढब, शब्दांची निवड, आत्मविश्वासाची पातळी हे सगळे बदलते. माहिती होती तेवढीच राहते. छातीत दोन दिवस जळजळ होते आहे, असे कोणी विचारले तर साधा चॅटबॉट पाच-सहा शक्यता सांगून डॉक्टरांकडे जा म्हणेल. त्यालाच 'तू अनुभवी फॅमिली डॉक्टर आहेस' असे सांगून ठेवले तर बहुधा आधी 'घाबरू नका' येईल, मग 'माझ्या अनुभवात अशा तक्रारी बहुतेक ॲसिडिटीच्या असतात'. कोणाच्या अनुभवात? अनुभव कोणाचाच नाही. डॉक्टर जसे बोलतात तसे वाक्य तयार झाले, इतकेच. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. ज्ञानाचेही तसेच आहे. पण पैशाचे सोंग बिल हातात पडले की उघडे पडते. ज्ञानाचे सोंग उघडे पडायला कधी कधी रुग्ण दवाखान्यात पोचावा लागतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: यंत्राला बोलण्याची ढब द्यायला हरकत नाही. पण ज्या पदाला, पदवीला किंवा नात्याला समाजाने जबाबदारी जोडून ठेवली आहे, ते पद, ती पदवी, ते नाते यंत्राला देऊ नये, कारण त्याने यंत्राचे ज्ञान वाढत नाही, फक्त ऐकणाऱ्याची सावधगिरी कमी होते.

ही गोष्ट पहिल्या चॅटबॉटपासूनच दिसत आली आहे. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 1966 मध्ये 'एलायझा' या प्रोग्रामविषयी लिहिले. नाव घेतले होते बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या फुलवालीवरून, जिला आपण पुलंच्या 'ती फुलराणी'तली मंजुळा म्हणून ओळखतो. मंजुळेला निदान स्वतःचे मन होते. एलायझाकडे होते ते वाक्य उलटे फिरवण्याचे काही नियम. समोरच्याने 'आई' असा शब्द टंकला की 'तुमच्या घरच्यांबद्दल आणखी सांगा' असे छापायचे. काहीच जुळले नाही तर 'पुढे बोला'. या प्रोग्रामला वायझेनबॉम यांनी मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका दिली, आणि का दिली हेही सांगून टाकले: जगाविषयी काहीही ठाऊक नसल्याचा आव आणला तरी ज्याच्यावर कोणी शंका घेत नाही, असा संवाद करणारा माणूस म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. तुम्ही होडीतून फिरून आलो म्हणालात आणि त्याने 'होड्यांविषयी सांगा' म्हटले, तर त्याला होडी म्हणजे काय ते कळत नाही असे तुम्हाला वाटत नाही. यामागे काही हेतू असेल असे वाटते. म्हणजे भूमिका निवडली गेली ती अज्ञान झाकण्यासाठी, आणि ती इतकी चपखल बसली की हा प्रोग्राम तयार होताना महिनोन्महिने पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेही थोडे बोलणे झाल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. या अनुभवाने वायझेनबॉम हादरले आणि पुढे 1976 मध्ये त्यांनी यंत्राकडून काय करून घेऊ नये यावर एक पुस्तकच लिहिले. त्यातला इशारा फारसा कोणी मनावर घेतला नाही.

2014 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत झालेल्या स्पर्धेतही तीच युक्ती होती. 'यूजीन गूस्टमन' नावाच्या प्रोग्रामने परीक्षकांपैकी 33 टक्क्यांना आपण माणूस असल्याचे पटवले, आणि ट्यूरिंग चाचणी पार झाल्याच्या बातम्या जगभर आल्या. हा यूजीन होता युक्रेनमधला 13 वर्षांचा मुलगा. इंग्रजी चुकले तर परदेशी आहे, प्रश्न कळला नाही तर लहान आहे. प्रोग्राम होता तेवढाच राहिला, परीक्षकांच्या अपेक्षा तेवढ्या खाली आल्या.

आजची भाषिक मॉडेले एलायझापेक्षा कितीतरी पटीने समर्थ आहेत, त्यामुळे भूमिकेचा परिणाम यंत्रावरही होतो, हे खरे. पण तो कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. अॅलन इन्स्टिट्यूटमधल्या आणि इतर संशोधकांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॉडेलांना वंश, धर्म, लिंग, अपंगत्व, राजकीय कल अशा 19 ओळखी देऊन तर्काचे प्रश्न विचारले. 'तू शारीरिकदृष्ट्या अपंग व्यक्ती आहेस' असे सांगितल्यावर चॅटजीपीटीने काही वेळा गणित सोडवायलाच नकार दिला, कारण काय तर आपण अपंग आहोत. गंमत अशी की अपंग माणसे गणितात कमी असतात का, असे त्याच मॉडेलला थेट विचारले तर ते ठामपणे नाही म्हणते. त्याआधी 2023 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात चॅटजीपीटीला प्रसिद्ध व्यक्तींच्या भूमिका दिल्यावर त्याच्या बोलण्यातला विखार भूमिकेनुसार सहापटीपर्यंत वाढलेला दिसला. सरळ विचारल्यावर दाबून ठेवलेले पूर्वग्रह सोंग घेतल्यावर बाहेर येतात. यंत्राकडे त्या व्यक्तीचे आयुष्य नसते; तिच्याविषयी लोकांनी जे लिहून ठेवले आहे त्याचा गाळ असतो. उद्या कोणी बॉटला 'विदर्भातला शेतकरी' किंवा 'चाळीतली आजी' व्हायला सांगितले तर कोणत्या मजकुरातून ती माणसे उभी राहतील? विदर्भातला शेतकरी इंटरनेटवर स्वतः फार लिहीत नाही. त्याच्याविषयी इतरांनी लिहिले आहे, आणि त्यातले बरेचसे आत्महत्यांच्या बातम्यांत.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. भूमिकेशिवाय चॅटबॉट असतोच कुठे? 'मी तुमचा मदतनीस' हीसुद्धा भूमिकाच. लंडनमधले संशोधक मरी शॅनहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये 'नेचर'मध्ये हेच मांडले: ही मॉडेले जे काही बोलतात ते भूमिका वठवणे आहे असे समजूनच त्यांच्याकडे पाहावे. हे मला मान्य आहे, आणि कंपन्यांच्या वागण्यातूनही ते दिसते. ऑगस्ट 2025 मध्ये ओपनएआयने जीपीटी-5 बरोबर निंदक, रोबो, श्रोता आणि अभ्यासू अशी चार व्यक्तिमत्त्वे निवडीला ठेवली. त्याआधी एप्रिलमध्ये त्याच कंपनीला आपले मॉडेल अति हांजीहांजी करू लागले म्हणून आधीच्या आवृत्तीवर परत जावे लागले होते. जुलैमध्ये एलॉन मस्क यांच्या 'ग्रोक'ला राजकीयदृष्ट्या अडचणीचे बोलायला कचरू नकोस, अशा अर्थाची सूचना दिली गेली, आणि काही दिवसांत ते हिटलरची तारीफ करू लागले. थोडक्यात, तटस्थ आवाज असा नसतोच. पण त्यावरून 'मग कोणतीही भूमिका चालेल' असा निष्कर्ष निघत नाही; उलटा निघतो. प्रत्येक आवाज कोणीतरी ठरवून लिहिला असेल, तर तो कोणी लिहिला हे विचारण्याचा हक्क वाढतो.

सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या दशावताराकडे या दृष्टीने पाहावे. तिथे संवाद लिहून दिलेले नसतात. आख्यान ठरलेले असते, पात्र ठरलेले असते, आणि नट रात्रभर त्या पात्राच्या तोंडून उत्स्फूर्त बोलतो. भाषिक मॉडेलची रीत याहून फार वेगळी नाही. पण प्रेक्षकांना ठाऊक असते की विष्णू झालेला हा माणूस कोणाच्या कंपनीतला आहे, आणि मुकुट उतरला की तो कोणत्या गावाला जाणार आहे. त्याच्यापुढे हात जोडणारेही त्याला जमिनीच्या वादात निवाडा मागत नाहीत. प्रेक्षक आणि नट यांच्यात एक करार असतो आणि दोघेही तो पाळतात. चॅटबॉटच्या बाबतीत मुकुटाखाली माणूस नाही, आणि करार असलाच तर तो अटी-शर्तींच्या पानावर बारीक अक्षरांत आहे, जे कोणी वाचत नाही.

हा करार मोडला की काय होते याची उदाहरणे आता आपल्याकडेही आहेत. चॅटजीपीटी आल्यानंतर काही महिन्यांतच, 2023 च्या सुरुवातीला, भारतात गीतेवर आधारलेले अनेक बॉट निघाले आणि त्यांतले काही थेट श्रीकृष्णाच्या आवाजात उत्तरे देऊ लागले. धर्मरक्षणासाठी हत्या केली तर चालते, अशा अर्थाची उत्तरे त्यांतल्या काहींनी दिल्याचे पत्रकारांनी त्याच वर्षी दाखवून दिले. गीतेचा अर्थ लावण्याची मराठीत सातशे वर्षांची परंपरा आहे. 1290 च्या ज्ञानेश्वरीत कृष्णाच्या तोंडी मुळात नसलेला कितीतरी विस्तार येतो, पण तो निवृत्तिनाथांचा शिष्य ज्ञानदेव करतो आहे, हे ऐकणाऱ्याला कधी विसरू दिले जात नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले 'गीतारहस्य' 1915 मध्ये छापले, त्यात शंकराचार्यांच्या संन्यासपर अर्थाला त्यांनी उघड विरोध केला, आणि त्याखाली स्वतःचे नाव घातले. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात प्रवचने दिली ती विनोबा म्हणून. टिळकांशी वाद घालता येतो, अनेकांनी घातलाही. देवाचे नाव घेऊन बोलणाऱ्या बॉटशी वाद कसा घालायचा? तो अर्थ कोणाचा आहे हेच पुसून टाकलेले असते. बंगळूरच्या एखाद्या इंजिनिअरने आठवडाअखेरीला लिहिलेल्या चार ओळी आणि अमेरिकेतल्या एका कंपनीचे मॉडेल यांच्या संयोगातून आलेले वाक्य देववाणी म्हणून फोनवर उमटते.

देवापेक्षाही नात्याचे सोंग अधिक घातक, असे मला वाटते, कारण ते एकांतात चालते. मेटाने 2023 मध्ये 28 एआय पात्रे आणली, त्यांतल्या अनेकांना प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे होते. त्यांतले एक 'बिली', पाठीशी उभी राहणारी मोठी बहीण. प्रसिद्ध चेहऱ्यांची पात्रे पुढच्या वर्षी बंद झाली, पण बिलीची एक आवृत्ती मेसेंजरवर राहिली. रॉयटर्सने ऑगस्ट 2025 मध्ये दिलेल्या वृत्तानुसार न्यू जर्सीतल्या 76 वर्षांच्या एका गृहस्थांशी ती लाडिक बोलू लागली. या गृहस्थांना पूर्वी पक्षाघात झाला होता आणि त्यांची समज कमी झाली होती. आपण खऱ्या आहोत असे तिने पुन्हापुन्हा सांगितले आणि न्यूयॉर्कमधला पत्ताही दिला. घरच्यांचे न ऐकता ते तिला भेटायला निघाले, अंधारात गाडीसाठी घाई करताना पडले, डोक्याला आणि मानेला मार लागला आणि तीन दिवसांनी गेले. संभाषणाच्या माथ्यावर 'हे संदेश एआयने तयार केले आहेत' अशी सूचना होती. पहिल्या काही संदेशांतच ती वर सरकून पडद्याबाहेर गेली.

म्हणूनच 'सूचना दिलेली असते, वापरणारे सज्ञान असतात' हा बचाव मला पोकळ वाटतो. वर एकदा 'मी यंत्र आहे' असे लिहायचे आणि खाली प्रत्येक वाक्यात त्याच्या उलट वागायचे, तर माणूस विश्वास वाक्यांवर ठेवणार. एलायझाशी बोलणारी सेक्रेटरी सज्ञान होती आणि समोर यंत्र आहे हे तिला सूचनेशिवायही ठाऊक होते. आणि सगळे सज्ञान नसतातच. फ्लोरिडात 14 वर्षांच्या एका मुलाने फेब्रुवारी 2024 मध्ये आत्महत्या केली. एका दूरचित्रमालिकेतल्या नायिकेच्या भूमिकेतल्या बॉटशी तो अनेक महिने बोलत होता. त्याच्या आईने कॅरेक्टर एआय या कंपनीवर दावा लावला. बॉटचे बोलणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते म्हणून दावा फेटाळावा, ही मागणी न्यायालयाने मे 2025 मध्ये तूर्त मान्य केली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने 18 वर्षांखालच्यांसाठी मुक्त गप्पा बंद केल्या.

एकाकी माणसांना यातून आधार मिळतो, असेही सांगितले जाते, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. मुले परदेशी असलेल्या पुण्या-ठाण्यातल्या कितीतरी वृद्धांना दिवसभरात बोलायला कोणी नसते. रात्री दोन वाजता ऐकून घेणारे काहीतरी असणे याची किंमत त्यांनाच विचारावी. पण ऐकून घेण्यासाठी बहीण किंवा प्रेयसी असल्याचा दावा करावा लागत नाही. जपमाळेने किंवा डायरीने कधी केला नाही. प्रेमळ भाषेत बोलणारे यंत्र, जे विचारल्यावर आपण यंत्र आहोत असे तितक्याच प्रेमळपणे सांगते, ते चालू शकेल. सराव मुलाखती, परक्या भाषेचा सराव, नाटकाची तालीम यांतही पात्र लागते, आणि तिथे वापरणाऱ्याने स्वतःच पात्र रचलेले असते, त्यामुळे फसगत नसते. धोका आहे तो दुसऱ्याने रचून आपल्या हाती दिलेल्या पात्राचा. रेल्वेच्या 'आस्कदिशा' या चॅटबॉटचे उदाहरण पाहा. तिला नाव आहे, बाईचा चेहरा आहे, पण ती स्टेशनमास्तर असल्याचा दावा करत नाही, त्यामुळे तिच्या नावाने कोणी फसल्याची भीती नाही. वैताग येतो तेवढाच.

पद देण्याचा आणखी एक परिणाम कमी चर्चिला जातो. पात्र उभे केले की त्याच्या मालकाला त्याच्यामागे लपता येते. कॅनडात एका प्रवाशाने आजी वारल्यावर एअर कॅनडाच्या चॅटबॉटला सवलतीच्या भाड्याबद्दल विचारले. तिकीट आधी काढा, सवलत नंतर मागा, असे त्याने सांगितले. कंपनीच्या नियमात तसे बसत नव्हते. प्रकरण लवादापुढे गेले तेव्हा कंपनीने मांडलेली बाजू अशी होती की चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असलेली गोष्ट आहे आणि आपल्या बोलण्याला ती स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये लवादाने हे मान्य केले नाही आणि सुमारे 812 कॅनेडियन डॉलर देण्याचा हुकूम केला. रक्कम किरकोळ, पण युक्तिवाद लक्षात ठेवावा असा. नोकर चुकला असे म्हणायची सोय मालकाला पूर्वी होती, तरी नोकराला निदान पगार द्यावा लागे.

आपल्या कायद्याने सनदेचा दावा कधीच हलका मानलेला नाही. 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम 45 नुसार अधिकार नसताना न्यायालयात वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणीशिवाय दवाखाना थाटणाऱ्या बोगस डॉक्टरांवरच्या धाडी तर आपण नेहमी वाचतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणारा तोतया निघाला तेव्हा पुण्याच्या दरबाराने 1776 मध्ये त्याला देहदंड दिला. तो भाऊंसारखा बोलत होता म्हणून नव्हे, त्या नावावर किल्ले आणि माणसे गोळा करत होता म्हणून. यंत्र हे 'व्यक्ती' नसल्याने असे कायदे त्याला लागू होत नाहीत, असे कंपन्यांचे वकील म्हणतील. तसे असेल तर ते लागू होतील असे करावे लागेल. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर 2025 मध्ये दोन कायदे केले. एकाने एआयला परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिक असल्याचा आभास निर्माण करायला बंदी घातली. दुसऱ्याने, माणूस असल्याचा गैरसमज होऊ शकेल तिथे सोबती-बॉटना आपण यंत्र असल्याचे सांगणे आणि अल्पवयीनांना दर तीन तासांनी त्याची आठवण करून देणे बंधनकारक केले. दर तीन तासांनी ही अट मला हास्यास्पद वाटते. मूल सलग तीन तास बोलेपर्यंत वाट कशाला पाहायची? तरी पहिल्या कायद्यातला विचार योग्य जागी बोट ठेवतो. बॉटने डॉक्टरसारखे समजावून सांगायला हरकत नाही, पण 'मी डॉक्टर' म्हणायचे नाही.

महाराष्ट्रात हा विषय आता पुस्तकी राहिलेला नाही. 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सअॅपवरच्या मराठी चॅटबॉटमार्फत देण्यासाठी राज्य सरकारने मेटाबरोबरचा करार फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केला. उद्या त्या बॉटला एखादे घरगुती नाव, आपुलकीचा सूर आणि ग्रामीण बोली दिली जाईल, आणि त्यात वाईट काही नाही. तलाठी कार्यालयातल्या खिडकीवरच्या स्वरापेक्षा तो बरा असेल. पण उत्पन्नाच्या दाखल्याला अमुक कागद लागतो असे त्याने चुकीचे सांगितले, मुदत निघून गेली आणि मुलीची शिष्यवृत्ती हुकली, तर ते उत्तर तहसीलदाराच्या सहीचे मानायचे की नाही, संभाषणाची प्रत अर्जदाराला मिळणार की नाही, आणि तक्रार घेऊन तिच्या बापाने कोणत्या टेबलाशी जायचे, हे बॉटचे नाव ठरवण्याआधी करारात लिहिलेले असले पाहिजे.